मूठ वाढत्या अंगाची नको

उन्हाळ्याच्या सुटीत वर्धेच्या काठी, कौंडण्यपूरसारख्या गावी भावंडे जमली, की ऊन उतरल्यावर अंगणात दोरी बांधून बॅडमिंटनचा डाव रंगतो. रॅकेटी दोन आणि खेळणारे सहा. काकांची जाड मुठीची रॅकेट नऊ वर्षांच्या पुतणीच्या हाती येते. दहा-बारा फटक्यांनंतर ती मनगट चोळू लागते आणि ओसरीवरची मंडळी ‘हातात अजून जोर नाही’ असा निकाल देऊन मोकळी होतात. पुष्कळदा दोष जोराचा नसतो, मुठीच्या घेराचा असतो.

आपल्या घरांत मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे. ती काटकसर सदऱ्याला शोभते. रॅकेटला शोभत नाही. बॅडमिंटनची रॅकेट आवळून धरायचीच नसते. हस्तांदोलन करावे तशी ती सैल धरायची आणि फूल तारांना भिडते त्या क्षणीच बोटे मिटायची. फटक्याचा वेग या मिटण्यातून येतो. मूठ जाड असली तर बोटांना मिटायला जागाच उरत नाही आणि मग सारा भार खांद्यावर व मनगटावर पडतो. उलट, फारच बारीक मूठ हातात फिरते. ती आवरण्यासाठी खेळाडू सतत आवळून धरतो आणि कोपराजवळचे स्नायू दुखू लागतात.

टेनिसशी ताडून पाहिले, तर हे अधिक स्पष्ट होते. सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळत. पुढे ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली क्वालालंपूरची सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. मोठ्यांच्या टेनिस रॅकेटच्या मुठीचा घेर चार इंचांहून अधिक असतो. बॅडमिंटनचा सव्वातीन इंचांच्या आसपास. एका खेळात जड चेंडूचा धक्का सोसायचा, दुसऱ्यात पाच ग्रॅमचे फूल बोटांनी खेळवायचे.

दुकानात मुठीवर ‘जी-४’, ‘जी-५’ असे आकडे दिसतात. योनेक्सच्या पद्धतीत आकडा वाढला की मूठ बारीक होते. जी-४ म्हणजे सुमारे सव्वातीन इंच, जी-५ त्याहून बारीक. सर्वच कंपन्यांची मोजणी अशी नसते, म्हणून आकड्यापेक्षा हातावर भिस्त ठेवावी. रॅकेट सैल धरून बोटांची टोके तळव्यापाशी पाहावीत. मध्ये थोडी फट राहिली, तर माप ठीक. टोके तळव्यात रुतली तर मूठ बारीक आणि फट मोठी असली तर जाड. मुलाला बरोबर न नेता त्याची रॅकेट आणणे म्हणजे पाय न मोजता चपला आणणे.

दोन मापांत मन अडकले, तर बारीक घ्यावे. मूठ जाड करणे सोपे असते. आतले लाकूड तासून ती बारीक करणे कोणी करू नये. वरून गुंडाळायची पट्टी, म्हणजे ओव्हरग्रिप, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची असते, तरी एका थरानेही घेर तीन-चार मिलिमीटरने वाढतो. जाड रॅकेट घरी आलीच असेल, तर मूळ पट्टी उतरवून केवळ ओव्हरग्रिप गुंडाळावी. बराच फरक पडतो.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घामाचाही विचार करावा लागतो. ओली मूठ निसटते आणि निसटू नये म्हणून हात पुन्हा आवळतो. फार घाम येणाऱ्यांनी टॉवेलच्या कापडाची ग्रिप घ्यावी. ती घाम शोषते. मात्र जाड असल्याने मूळची मूठ बारीकच हवी. पूर्वी मुठीला चामडे गुंडाळीत आणि जाळी आतड्याच्या तातीची विणीत, त्यामुळे काही घरांत रॅकेट आणताना मन कचरत असे. आता पट्टी आणि तारा बहुतेक कृत्रिम धाग्यांच्याच मिळतात. फुलाला मात्र अजून पिसे असतात. ती नको असतील त्यांना नायलॉनचे फूल आहे, आणि अंगणातल्या वाऱ्यात तेच जास्त टिकते.

ओव्हरग्रिप गुळगुळीत झाली, की बदलावी. पुतणीचा हात वाढेल तेव्हा त्याच रॅकेटवर आणखी एक थर चढवता येईल.