आधी कापड, मग नक्षी

सकाळी ६

रात्री भिजत घातलेलं कापड पिळायचं, हे आषाढातलं माझं पहिलं काम. गिरणीतून आलेल्या कोऱ्या मलमलीला आणि कॅम्ब्रिकला खळ असते. बादलीतलं पाणी गढूळतं, हाताला बुळबुळीत लागतं. दोनदा पाणी बदललं की कापड मऊ पडतं, आणि मगच मी त्याला कात्री लावते. एक तर ते आटून घेतं, म्हणजे शिवलेलं झबलं पहिल्या धुण्यात तोकडं होत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही खळ बाळाच्या घामात मिसळायच्या ऐवजी माझ्या मोरीतून जाते.

भोरला माझं छोटं दुकान आहे. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, कुंच्या, एवढंच. भोर आणि वेल्हे (आता कागदोपत्री राजगड) हा सगळा भाताचा आणि पावसाचा मुलूख. इथे कपाशीचं बोंड पिकत नाही. माझं बरंचसं पांढरं कापड इचलकरंजीच्या मागांवरून येतं आणि विणलेली तयार होजिअरी तिरुप्पूरहून. कापूस कुणाच्या रानातला, हे ठाण उघडून कळत नाही.

सकाळी ८

कापणीची वेळ. दुकान उघडण्याआधी शांतपणे होते तेवढीच. नवजात बाळाचं झबलं पुढून उघडं आणि बंदाचं असावं, कारण मान न सावरणाऱ्या पोराच्या डोक्यावरून कपडा ओढून घालणं आईलाही भीतीचं आणि बाळालाही. बटण लावत नाही. ते सुटतं आणि तोंडात जातं. बंदही आखूड ठेवते, आणि गळ्याशी लांब नाडी कधीच नाही. शिवण बाहेरच्या बाजूला घेते. पाहणाऱ्याला ते उलटं शिवल्यासारखं दिसतं आणि नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं. तयार कपड्यांत आतून ओव्हरलॉकचा बहुधा सिंथेटिक धागा असतो. तो काखेत आणि मानेच्या वळीत घासतो, लाल चट्टे उठतात, आणि घरात मग दूध पचत नाही, उष्णता झाली, नजर लागली अशी चर्चा सुरू होते. म्हणून म्हणते, आधी झबलं उलटं करून आतली शिवण बघा. दुकानात उभ्या उभ्या होणारी तपासणी आहे ही.

सकाळी १०

पहिली एसटी आली की वेल्ह्याकडची, हिर्डोशीकडची माणसं बाजारात उतरतात. सध्या लावणी चालू आहे, त्यामुळे गर्दी कमी, पण बाळंतपणं काही लावणी संपायची वाट बघत नाहीत. आज पहिल्या आल्या त्या वेल्ह्यावरून आलेल्या एक आजी. सोबत धाकटा मुलगा. लेकीला बाळंतविडा न्यायचा. आजींना समोरच्या काचेतला सॅटिनचा, जाळीचा, झालरींचा संच आवडला होता.

"बारशाला चार माणसांत उठून दिसाया पायजे गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, "आजी, तुमची पोरं लहान असताना पहिल्यांदा काय घातलंत अंगात?"

"आमच्या येळला कुठलं नवं? सासूच्या जुन्या लुगड्याची झबली. पाचवी होईस्तवर नवं घालतच नव्हते."

हेच मला हवं होतं. शंभर वेळा धुतलेल्या सुती नऊवारीत खळ उरत नाही, रंगाचा जादा अंश उरत नाही, धागा मोडून मऊ झालेला असतो. पूर्वीच्या बायकांनी हे कशासाठी ठरवलं ते मला सांगता येणार नाही, पण पहिल्या दिवसांच्या कातडीसाठी याहून चांगलं कापड मी विकू शकत नाही. मात्र लुगडं खरंच सुती असावं. आताची जुनी म्हणून निघणारी साडी बहुधा सिंथेटिक असते. तिचं दुपटं पाणी शोषत नाही आणि शेगडीजवळ गेलं तर वितळून चिकटतं.

आजींनी शेवटी पांढरी झबली, मांजरपाटाचे लंगोट आणि दोन दुपटी घेतली. बारशापुरता एक बारीक काठाचा सुती अंगरखा. सॅटिन राहिलं. त्यात माझं नुकसान झालं नाही, पण झालं असतं तरी चाललं असतं.

दुपारी १२

बाळंतपणाला माहेरी आलेली एक मुलगी आली. पुण्यात नोकरी करते, सातवा महिना. फोनवर ‘ऑर्गॅनिक कॉटन’च्या झबल्यांचं चित्र, किंमत माझ्या झबल्याच्या कितीतरी पट. तिचा प्रश्न सरळ होता: "ताई, हे खरंच बाळासाठी चांगलं असतं, की नुसतं नाव?"

या प्रश्नाला मी घाईत उत्तर देत नाही. तिला स्टुलावर बसवलं.

कपाशीवर फवारलेलं औषध तयार कापडात फारसं उरत नाही. सरकी काढणं, उकळणं, विरंजन, धुलाई यांत ते बहुतेक निघून जातं. बाळाच्या त्वचेला जे बाधतं ते बहुधा नंतर चढवलेलं असतं: रंग, छपाई, सुरकुती पडू नये म्हणून दिलेलं फॉर्मल्डिहाइडचं फिनिश. म्हणजे सेंद्रिय कापूस घेऊन त्यावर वाटेल तो रंग चढवला तर बाळाच्या दृष्टीनं फायदा थोडाच. म्हणून नुसता ‘ऑर्गॅनिक’ हा छापील शब्द पुरत नाही. कापूस ते शिलाई असा सगळा प्रवास तपासणारी खूण लागते. ‘ग्लोबल ऑर्गॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड’, म्हणजे जीओटीएस, ही तशी खूण. तिच्यात दोन पायऱ्या आहेत: ‘ऑर्गॅनिक’ म्हणायला किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो, आणि ‘सेंद्रिय धाग्यापासून बनवलेलं’ म्हणायला किमान ७० टक्के. चिठ्ठीवर तपासणी संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक जीओटीएसच्या यादीत शोधून बघता येतो. क्रमांक नसेल तर ते फक्त चित्र समजायचं.

एवढं करूनही डोळे उघडे ठेवावे लागतात. २०२० साली जीओटीएसनंच भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून फिरल्याचं उघड केलं आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. आपल्या देशातली बहुतेक कपाशी २००२ नंतर बीटी झाली. सेंद्रियला जनुक बदललेलं बियाणं चालत नाही, शिवाय रान सेंद्रिय ठरायला आधीची काही वर्षं जावी लागतात. त्यामुळे खरा सेंद्रिय कापूस थोडा आणि महाग, हे ओघानंच आलं. स्वस्तात भरपूर मिळत असेल तर शंका घ्यावी.

मुलगी म्हणाली, "मग मी कशाला जास्त पैसे देऊ?"

मी तिला २०१७ ची आठवण करून दिली. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांच्याही घरी पाळण्यातली पोरं होती. सेंद्रिय कापसाचा पहिला फायदा त्या घरांना होतो. आपल्या बाळाला तो धागा नुसता मऊ लागतो. ऐपत असेल त्यानं या कारणासाठी जरूर घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. वर्ध्याला १९३८ साली गांधीजींनी सुरू केलेलं मगन संग्रहालय आजही सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी करतं. असं कापड मागवून झबली शिवून मागणाऱ्या बायका माझ्याकडे थोड्या आहेत, पण आहेत. आणि ऐपत नसेल त्यानं मन खट्टू करू नये. बिनछपाईचं, फिकं किंवा पांढरं, दोनदा धुतलेलं साधं सुती कापड बाळाच्या अंगाला पूर्ण पुरतं.

ती सेंद्रिय कापडाची दोन आणि साधी आठ सांगून गेली. हिशेब शहाणा होता.

दुपारी २.३०

पाऊस जोराचा. एक तरुण बाप भिजत आला, केळदकडचा. चार दिवसांचं बाळ घरी, गारठा फार, ‘लोकरीचा संच द्या’ म्हणाला. हातात दुसरीकडून घेतलेला गुलाबी संच होताच, पण बाळ त्यात रडतंय म्हणे.

मी संचातून एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा आकसला, काळा धूर सोडत वितळला, आणि टोकाला कडक मणी उरला. अॅक्रिलिक. खरी लोकर जाळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. सुती धागा कागदासारखा जळतो. बाजारात ‘वुलन’ म्हणून विकलं जाणारं बाळाचं बहुतेक सामान असं अॅक्रिलिकचं असतं. ते घाम शोषत नाही. बाळ आत ओलं होतं, ओलं झालं की गार पडतं, मग आई आणखी एक थर चढवते.

"मग खरी लोकर कुठं मिळंल?"

खरी लोकर दोन जातींची, हे समजून घ्यावं लागतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूचं टोक कातडीला टोचतं. मेरिनो मेंढीची बारीक लोकर याहून बरीच तलम असते. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ साली इसब असलेल्या ३९ लहान मुलांना आलटून पालटून सुती आणि अतिबारीक मेरिनोचे कपडे घालून पाहिलं, तेव्हा मेरिनोत इसब कमी झालेलं दिसलं. म्हणजे लोकर बाळाला वाईट, असं नाही. पण ती लोकर भोरच्या बाजारात नाही आणि या बापाच्या खिशालाही परवडणारी नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ. ती घोंगडीची. चिंचोक्याची खळ दिलेल्या ताण्यावर विणलेली ती घोंगडी, खोळ करून डोक्यावर घेतली की भर पावसात माणूस लावणी करतो. ही लोकर उघड्या कातडीला लावायची नाही. खालची गादी म्हणून, वर गोधडी घालून, तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशात नाही. आज कातरलेल्या लोकरीला भाव नाही म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याला मी एकावर एक घालायची दोन पातळ सुती झबली, सुती टोपरं, मोजे आणि फ्लॅनेलचं दुपटं दिलं. दोन पातळ थरांत हवा धरली जाते आणि एक ओला झाला तर तेवढाच बदलता येतो. वेल्ह्याच्या पावसात हे महत्त्वाचं, कारण जाड कपडा तिथे तीन-तीन दिवस वाळत नाही. आणि घरी आईच्या छातीशी उघड्या अंगानं बाळ धरून वरून दोघांना पांघरूण घालायला सांगितलं. त्याइतकी खात्रीची ऊब मी विकत नाही.

दुपारी ४.३०

आशाताई, म्हणजे आमच्याकडच्या आशा स्वयंसेविका, आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांना घरी जाऊन बाळ बघावं लागतं. आजचं घर धरणापलीकडचं होतं. चहा घेता घेता त्यांनी माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला एक गोष्ट करून दाखवली, ती आता मी सगळ्यांना दाखवणार आहे. हाताच्या पाठीनं आधी बाळाचं पोट बघायचं, मग तळपाय. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार, तर अंगाशी धरून तडक दवाखाना. आणि मानेमागे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. झोपलेल्या बाळाला कोंडून गुंडाळणंही धोक्याचंच. दुपट्यात बांधताना पाय ताणून सरळ बांधू नका, हेही त्यांचंच सांगणं. गुडघे वाकायला, फाकायला जागा हवी, नाहीतर खुब्याच्या सांध्याला इजा होते.

संध्याकाळी ६

दिवसातलं सर्वांत अवघड बोलणं या वेळी झालं. एक काकू घरची जुनी कुंची नवं अस्तर लावायला घेऊन आल्या. खणाची, कडेला जरीची. तीन पिढ्यांची पोरं तिच्यात मिरवलेली. पिशवी उघडताच डांबरगोळ्यांचा वास दुकानभर झाला. ट्रंकेत वर्षानुवर्षं ठेवलेली.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थॅलीन. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅप्थॅलीनची वाफ नुसती कपड्यातून, पांघरुणातून लागली तरी तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. ही कमतरता कोणत्या बाळात आहे ते चेहऱ्यावरून दिसत नाही. काकूंना हे पटवायला वेळ लागला. "आमच्या कुणाला काय झालं न्हाई," हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ज्या घरात झालं असेल, तिथे ते कुंचीमुळे झालं हे कुणाला कळलंही नसेल. शेवटी ठरलं ते असं: कुंची धुऊन, पावसाची उघडीप झाली की बरेच दिवस उन्हावाऱ्यात राहील, वास पूर्ण गेल्यावर नवं मलमलीचं अस्तर लागेल, आणि या बाळाच्या बारशाला दुसरी कुंची. जुनी पुढच्या वर्षी, वाढदिवसाला. ट्रंकेत ठेवायला मी त्यांना वेखंडाची कांडी आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला सुचवला.

रात्री ८

दुकान बंद करताना उद्याचं कापड भिजत घालते आणि धुतलेली झबली आत दोरीवर पसरते. वाळत नाहीत म्हणून घरोघरी ती चुलीवर, शेगडीवर डालगं पालथं घालून वाळवतात. वाळवा, पण बाळ त्या खोलीत ठेवू नका. धूर त्याच्या छातीत जातो. शेवटचा ओलावा गरम इस्त्रीनं काढला तर आणखी बरं.

बाळंतविडा घ्यायला निघालेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे: तो बारशाच्या आदल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर आधी घ्या, घरी दोनदा धुवा, आणि मग द्या. भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात एका बाळाला एक भारी संच पुरत नाही. त्याला दहा-बारा पातळ सुती झबली आणि दोन डझन लंगोट लागतात.