नेकचा कोन

पावसाळा लागला की पुण्यातल्या एका गिटार-दुरुस्तीच्या दुकानात गर्दी वाढते. तक्रार बहुतेकांची एकच: बोटं सोलून निघतात, ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटांपासूनची उंची, खाली आणून द्या. दमट हवेत लाकडी टॉप फुगतो, ब्रिज वर येतो आणि त्याच्याबरोबर ताराही.

कारागीर आधी गिटार सुरात लावतो. स्टीलच्या सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण असतो. नेकचा खरा बाक त्या ताणाखालीच दिसतो. मग तो जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरतो. तारच पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली जेमतेम पाव मिलिमीटर फट हवी. जास्त असली तर नेकच्या आतल्या ट्रस रॉडला थोडा पीळ, पुन्हा सूर, पुन्हा माप. त्यानंतर नेकच्या टोकाच्या नटच्या खाचा, शेवटी ब्रिजवरची पट्टी, म्हणजे सॅडल. बाराव्या फ्रेटवर तार १ मिलिमीटर उतरवायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो.

कॉलेजातल्या एका मुलीच्या गिटारचं सॅडल मात्र कुणीतरी आधीच घासून संपवलं होतं. तरी तारा उंचच. कारागिराने फ्रेटांवर लांब पट्टी ठेवली. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर यायला हवं होतं, ते खाली आदळलं.

"ताई, हे सेटअपने व्हायचं नाही. नेकचा कोन गेलाय."

आता नेक गिटारला जोडला कसा आहे, यावर सगळं. डव्हटेल सांधा सरसाने चिकटवलेला असेल तर पंधरावा फ्रेट काढून, तिथे बारीक भोक पाडून आत वाफ सोडतात. सरस मऊ झाला की नेक सुटतो. स्वस्त गिटारींत अनेकदा सांधा एपॉक्सीने जाम केलेला असतो, तिथे दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडते. बोल्ट असले तर पाना पुरतो. टेलर कंपनीने १९९९ मध्ये पातळ पाचरी बदलून कोन साधता येईल असा नेक आणला. बोल्टने नाद मरतो म्हणणारे भेटतात. मला तरी कानाने तो फरक कळलेला नाही. नादाचा मोठा वाटा टॉपचा. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने १८६२ मध्ये पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या करून हेच दाखवलं होतं. म्हणून गिटार घेताना टॉप तपासावा: साउंडहोलच्या कडेवर टॉपच्या लाकडाच्या रेषा आतपर्यंत उतरलेल्या दिसल्या तर टॉप अख्ख्या लाकडाचा; थर दिसले तर प्लायचा. प्लायचा आवाज कोंडलेला, पण आपल्या पावसाळ्यात असा टॉप कमी हलतो. नवशिक्याला मी तोच सुचवेन.

कारागिराने आरसा आत सरकवला. दोन बोल्ट दिसले. तरी पाना लगेच उचलला नाही: आठवडाभर गिटार सिलिका जेलसोबत केसमध्ये, मग नव्याने मापं. टॉप फुगलेला असताना कोन ठरवला तर हिवाळ्यात तारा फ्रेटांवर आपटतील. आणि कोन सुधारला की ते घासलेलं सॅडल कामाचं नाही, नवं उंच सॅडल घडवावं लागेल. त्याचे पैसे वेगळे, हेही त्याने तेव्हाच सांगून टाकलं.