खारबावच्या फलाटावरचे सहावे गुणसूत्र

वसई-दिवा मार्गावरची मेमू खारबावला थांबते, तेव्हा एकाच डब्यात आगरी, कुणबी, कोळी, वारली, कातकरी अशी माणसे खेटून उभी असतात. भिवंडीला त्यांत कोकणी मुसलमान मिसळतात, पिढ्यांपूर्वी उत्तर प्रदेशातून मागाच्या कामासाठी आलेले मोमीन आणि तेलंगणातले पद्मशाली मिसळतात. अलीकडे गोदामांत माल चढवणारी परप्रांतीय मुलेही. गाडीत खांद्याला खांदा लागतो, पण सोयरीक मात्र आपापल्यातच. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांसह २०१३ मध्ये दाखवून दिले, की भारतातले मोठे समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी एकमेकांत भरपूर मिसळत होते. पुढे जातीबाहेरची लग्ने बंद पडत गेली. या बंद दारांचा हिशेब आपल्या सहाव्या गुणसूत्रावर लिहिलेला आहे.

तिथल्या एका पट्ट्यात एचएलए नावाची जनुके असतात. मासळीवाली जशी पाटीतला मासा उचलून गिऱ्हाईकापुढे धरते, तशी एचएलएची प्रथिने पेशीच्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून दाखवतात. टी-पेशी ते पारखतात. तुकडा विषाणूचा निघाला तर ती पेशी मारली जाते. कोणता तुकडा पकडीत बसेल हे एचएलएच्या घडणीवर ठरते, आणि या घडणी थोड्याथोडक्या नाहीत. जगभरात ४०,००० हून अधिक प्रकारांची नोंद झाली आहे. माणसाच्या जनुकांत एवढी विविधता दुसरीकडे कुठेच नाही.

एवढा पसारा निसर्गाने का बाळगला? एखादा जंतू एका घडणीला चकवतो, दुसरीच्या हाती सापडतो. गांबियातल्या मुलांचा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एचएलएचा बी*५३ हा प्रकार असलेल्यांना गंभीर हिवतापाचा धोका बराच कमी आढळला. हा प्रकार पश्चिम आफ्रिकेत भरपूर, आशियात विरळ. म्हणजे ज्या रोगाने जिथे पिढ्यान्‌पिढ्या छळले, तिथे त्याला तोंड देणारी घडण टिकली. सगळ्यांची एचएलए सारखीच असती, तर एखाद्या साथीने गावेच्या गावे ओस पडली असती.

पण समाजाला तारणारी ही विविधता एकट्या रुग्णाच्या मुळावर येऊ शकते. रक्ताच्या कर्करोगात किंवा थॅलेसेमियात अस्थिमज्जा बदलायची, तर दात्याची एचएलए जुळावी लागते. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घर लहान, मुले एक-दोन, मग बाहेर शोध सुरू होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय दाता-नोंदणीचा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला: युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के, दक्षिण आशियाई रुग्णाला ३३ टक्के. आपल्याकडे दात्यांची नोंद करणाऱ्या ‘दात्री’सारख्या संस्था आहेत. पण नुसता आकडा फुगवून भागत नाही. कातकरी मुलाला जुळणारा माणूस बहुधा कातकऱ्यांतच सापडेल, आणि गालाच्या आतून कापसाने नमुना देणाऱ्यांत शहरी, सुशिक्षित तरुणच जास्त असले, तर त्याची वाट लांबतेच. अलीकडे आई, वडील किंवा मूल यांच्याशी निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण होऊ लागले आहे. गरिबाच्या दृष्टीने ही मोठीच सोय म्हणायची.

समूहासमूहांतल्या अशा फरकांच्या अभ्यासाशी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाचे नाते जुने. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट तिथेच जगापुढे आणला. केईएमच्याच आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने पुढे मराठा, भिल्ल, पारशी अशा समाजांच्या एचएलएचा अभ्यास केला. एका राज्याला ‘भारतीय’ असे एकच लेबल पुरत नाही, हे अशा कामातून उमगते.

औषधांच्या बाबतीत तर हे थेट गोळीशी येऊन ठेपते. फिटवर दिली जाणारी कार्बामाझेपीन ही स्वस्त, नेहमीची गोळी. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी पाहिले, की या गोळीने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेल्या ४४ च्या ४४ रुग्णांत बी*१५:०२ हा प्रकार होता. या विकारात कातडी सोलून निघते, जीवही जातो. युरोपात हा प्रकार जवळजवळ नसल्याने तिकडच्या डॉक्टरांना हा धागा दिसलाच नसता. भारतात २००९ मध्ये आठ रुग्णांचा एक छोटा अभ्यास आला. त्यांतल्या सहांत तोच प्रकार निघाला. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोन या गोळीचेही तसेच. तिच्या तीव्र प्रतिक्रियेशी जोडलेला बी*१३:०१ हा प्रकार भारतीयांत १ ते १२ टक्के आढळतो, असे २०१३ च्या चिनी अभ्यासात नोंदले आहे. एकापासून बारापर्यंतची ही तफावतच सांगते, की समूह बदलला की धोकाही बदलतो.

पण या भीतीने फिटची गोळी मनाने बंद करणे धोक्याचेच. त्याने झटके उसळतात. नवी गोळी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने मात्र लक्ष ठेवावे. ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग किंवा अंगावर चट्टे उठले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी गोळीच्या पाकिटासह डॉक्टर गाठावा.