सरकारी रुग्णालयातील रुग्णसुरक्षा : तपासणीत आपल्या उत्तरालाही महत्त्व आहे

रुग्णालयात माणूस बरा होण्यासाठी जातो. तरीही उपचार सुरू असतानाच रुग्णाला अपाय होण्याचे प्रसंग घडतात. एकाचे औषध दुसऱ्याला दिले जाते, सलाईन लावलेल्या जागी संसर्ग होतो, अशक्त रुग्ण पलंगावरून पडतो, शस्त्रक्रियेची जखम चिघळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या दर 10 रुग्णांपैकी सुमारे एकाला असा अपाय होतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक अपाय टाळता येण्यासारखा असतो.

उपचार मोफत मिळणे हा जसा लाभार्थ्याचा हक्क आहे, तसाच ते सुरक्षित मिळणे हाही आहे. त्यासाठी सरकारने कोणती व्यवस्था केली आहे आणि तिच्यात रुग्ण व नातेवाईक यांचे काय काम आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके म्हणजे काय?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2013 मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी ही मानके लागू केली. पुढे ग्रामीण रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि इतर सरकारी आरोग्य संस्थांसाठीही ती तयार झाली. रुग्णालयांत ही मानके ‘एनक्यूएएस’ या नावाने ओळखली जातात.

रुग्णालयाचे काम आठ भागांत तपासले जाते :

• सेवांची उपलब्धता
• रुग्णांचे हक्क
• जागा, मनुष्यबळ, औषधे व उपकरणे
• स्वच्छता, आहार, कपडे धुणे यांसारख्या सहाय्यक सेवा
• प्रत्यक्ष वैद्यकीय उपचार
• संसर्ग नियंत्रण
• गुणवत्ता व्यवस्थापन
• उपचारांचे परिणाम

प्रत्येक मुद्द्याला पूर्ण पालन असल्यास 2, अंशतः असल्यास 1 आणि पालन नसल्यास 0 गुण मिळतात. प्रमाणपत्रासाठी एकूण किमान 70 टक्के गुण लागतात, शिवाय इतर अटीही पूर्ण कराव्या लागतात. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असते. मिळालेले प्रमाणपत्र साधारणपणे दर्शनी भागात लावलेले असते. त्यावरची तारीख पाहावी.

तपासणी कशी होते?

तपासणीस आलेले अधिकारी चार मार्गांनी माहिती घेतात. ते प्रत्यक्ष पाहणी करतात, नोंदवह्या वाचतात, कर्मचाऱ्यांशी बोलतात आणि रुग्ण व नातेवाइकांना विचारतात.

यातील चौथा मार्ग लाभार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे. औषधे बाहेरून आणायला सांगितली का, तपासणी करताना पडदा लावला होता का, आजाराविषयी समजावून सांगितले का, हे वहीत नेहमी दिसत नाही. ते फक्त रुग्णच सांगू शकतो. ‘साहेब, सगळे चांगले आहे’ असे घाईत सांगितले, तर जी उणीव दूर झाली असती ती तशीच राहते आणि आपल्यानंतर त्या पलंगावर येणाऱ्या रुग्णाला भोगावी लागते. म्हणून चांगले ते चांगले आणि उणे ते उणे, दोन्ही खरे सांगावे.

वॉर्डात कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

• ओळख : औषध, इंजेक्शन, रक्त किंवा शस्त्रक्रिया यांपूर्वी रुग्णाची ओळख किमान दोन खुणांवरून पटवली जावी, उदाहरणार्थ, पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. केवळ पलंगाचा क्रमांक पुरेसा नाही, कारण पलंग बदलतात. ‘तुम्ही सुनीताबाई का?’ या प्रश्नाला गुंगीतला रुग्ण सहज ‘हो’ म्हणतो. म्हणून आपले पूर्ण नाव आपणच सांगावे.

• औषधांची ॲलर्जी : पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ, सूज किंवा श्वासाचा त्रास झाला असेल, तर ते दाखल होतानाच सांगावे आणि केसपेपरवर लिहिले गेले का, ते विचारावे. घरी सुरू असलेल्या रक्तदाब, मधुमेह यांच्या गोळ्या किंवा त्यांची पाकिटे सोबत न्यावीत. काढे व घरगुती औषधेही लपवू नयेत.

• हातांची स्वच्छता : एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणारा संसर्ग रोखण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे हात धुणे. रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करणे अपेक्षित आहे. साबण-पाण्याने धुण्यास 40 ते 60 सेकंद आणि हातावर चोळायच्या द्रावणाने 20 ते 30 सेकंद लागतात. ‘सिस्टर, हात धुतले का?’ असे नम्रपणे विचारण्यात उद्धटपणा नाही. नातेवाइकांनीही हाच नियम पाळावा.

• इंजेक्शन व सलाईन : प्रत्येक रुग्णासाठी नवी सुई आणि नवी सिरिंज वापरली जावी. सलाईनच्या जागी सूज, लाली किंवा ठणका जाणवल्यास लगेच सांगावे. सलाईनचा वेग स्वतः कमी-जास्त करू नये.

• रक्त देताना : पिशवीवरील रक्तगट आणि रुग्णाची माहिती जुळवून पाहिल्याशिवाय रक्त सुरू होऊ नये. रक्त सुरू असताना थंडी वाजणे, ताप, खाज, कंबरदुखी किंवा दम लागणे असे काहीही झाल्यास त्याच क्षणी नर्सला बोलवावे.

• शस्त्रक्रियेपूर्वी : जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित शस्त्रक्रिया तपासणी सूचीचे तीन टप्पे आहेत : भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर जाण्यापूर्वी. त्यामुळे नाव, शस्त्रक्रिया आणि शरीराची बाजू पुन्हा पुन्हा विचारली तर कंटाळू नये. तो विसराळूपणा नसून खबरदारी आहे.

• कचऱ्याचे डबे : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या, नळ्या व हातमोजे यांसारखे दूषित प्लास्टिक लाल, सुया व धारदार वस्तू पांढऱ्या आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात जातात. जेवणाचा कचरा या डब्यांत टाकू नये.

बाळंतपणासाठी ‘लक्ष्य’ उपक्रम

समजा, आपल्या घरातील सून जिल्हा रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल झाली आहे. आई आणि बाळ दोघांसाठीही प्रसूतीच्या आसपासचे तास सर्वांत जोखमीचे असतात. म्हणून डिसेंबर 2017 मध्ये प्रसूतिगृह आणि प्रसूती शस्त्रक्रियागृह यांची गुणवत्ता सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ उपक्रम सुरू झाला. सन्मानाने वागणूक हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिला मारणे किंवा टोचून बोलणे हे ‘चालायचेच’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मसोबती ठेवण्यास परवानगी दिली. जन्मसोबती म्हणजे कळा सुरू असताना सोबत राहणारी, शक्यतो स्वतः बाळंतपणाचा अनुभव असलेली नात्यातील स्त्री. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि तिने कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये. आडपडद्याची पुरेशी सोय असेल तेथे पतीलाही परवानगी मिळू शकते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त आणि घरापासून ने-आण मोफत आहे. आहार साध्या प्रसूतीत 3 दिवस आणि सिझेरियनमध्ये 7 दिवस मोफत मिळतो. जन्मानंतर आई व बाळाला ओळखपट्टी बांधली का, ते पाहावे आणि घरी जाईपर्यंत ती काढू नये.

आपल्या भाषेत समजून घेण्याचा हक्क

शस्त्रक्रियेपूर्वी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. त्याआधी काय करणार आहेत, त्यात धोका काय आहे आणि दुसरा पर्याय आहे का, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे. न समजलेल्या कागदावर सही करू नये.

हा मुद्दा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड योजना लागू असलेल्या इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही चालते. त्यामुळे सुरत किंवा हैदराबाद येथे कामाला गेलेल्या कुटुंबावर तेथेच उपचार होऊ शकतात. स्थानिक भाषा येत नसेल, तर समजावून सांगणारी व्यक्ती मागावी किंवा भाषा जाणणाऱ्या ओळखीच्या माणसाला सोबत न्यावे.

घरी सोडताना

डिस्चार्ज कार्डावर आजाराचे नाव, दिलेले उपचार, घरी घ्यायची औषधे, पुढच्या भेटीची तारीख आणि कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यावे, ही माहिती असावी. औषध केव्हा आणि किती घ्यायचे, हे स्वतःच्या शब्दांत नर्सला परत सांगून पाहावे. चूक असेल तर ती तेथेच कळते.

उपचारांच्या नोंदींची मागणी केल्यास त्या 72 तासांच्या आत द्याव्यात, असे डॉक्टरांसाठीच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांत म्हटले आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

तक्रार किंवा अभिप्राय कोठे द्यावा?

• प्रथम वॉर्डातील इन्चार्ज सिस्टर किंवा उपचार करणारे डॉक्टर यांना सांगावे. अपाय होण्याची भीती असेल, तर लेखी तक्रारीची वाट पाहू नये. त्याच क्षणी बोलावे.
• त्यानंतर वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी. तारीख, वेळ, वॉर्ड आणि नेमके काय घडले, एवढे लिहिले तरी पुरते.
• ‘मेरा अस्पताल’ ही केंद्र सरकारची अभिप्राय प्रणाली आहे. तिच्याशी जोडलेल्या रुग्णालयातून आल्यावर मोबाईलवर संदेश किंवा फोन येऊ शकतो. यासाठी नोंदणी करताना स्वतःचा चालू क्रमांक द्यावा. अभिप्राय देण्यासाठी ओटीपी किंवा बँकेची माहिती कोणालाही सांगू नये.
• आयुष्मान कार्डावरील उपचारांसाठी पैसे मागितल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे किंवा 14555 या क्रमांकावर फोन करावा.
• औषधामुळे दुष्परिणाम झाल्याची शंका असल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे. त्यानंतर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी नोंद करता येते.

नातेवाइकांनी काय करावे?

एका रुग्णाजवळ गर्दी करू नये. अशक्त रुग्णाला एकट्याने शौचालयात पाठवू नये आणि पलंगाचा कठडा वर ठेवावा. दुसऱ्या रुग्णाची गोळी ‘आजार सारखाच आहे’ म्हणून घेऊ नये. कर्मचाऱ्यांशी शिवीगाळ करू नये. रात्रपाळीला एकाच नर्सकडे अनेक रुग्ण असू शकतात. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

लक्षात ठेवा

प्रमाणपत्र भिंतीवर असले, तरी सुरक्षितता रोज, प्रत्येक पलंगापाशी पाळावी लागते. मोफत उपचार घेतो म्हणून प्रश्न विचारू नयेत, असा कोणताही नियम नाही. पूर्ण नाव सांगा, ॲलर्जी सांगा, औषध कशासाठी आहे ते विचारा. आणि तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने आपल्या पलंगापाशी थांबून विचारले, तर जे घडले तेच सांगा.