कोणत्याही प्रकारासाठी, पण एका अटीवर

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात झाशीच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाचे वर्णन आहे. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजेने शहर घेतल्यावर जी लूट झाली तीत हा संग्रह नष्ट झाला. समजा, तसा संग्रह आज झाशीत असता, त्यात मराठी आणि हिंदी पुस्तके शेजारी शेजारी असती आणि त्यांची सूची संगणकाकडून करवून घ्यावयाची असती, तर एक साधा वाटणारा प्रश्न उभा राहिला असता: ‘कळस’ आधी की ‘कसोटी’ आधी? मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून ‘कसोटी’ आधी. परंतु संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतावलीत ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर व ‘व’च्या आधी आहे. केवळ क्रमांक पाहणारे यंत्र ‘कळस’ आधी लावील.

क्रम लावण्याची रीत मात्र दोन्ही वेळी एकच असते. पुस्तकांची नावे असोत, तारखा असोत वा संख्या. त्या रीतीला एवढेच विचारावे लागते, की या दोहोंपैकी आधी कोण? मग ती एकदाच लिहून सर्वत्र का वापरू नये? फलनांवर आधारलेल्या, म्हणजेच ‘फंक्शनल’, भाषांनी हा विचार फार पूर्वी केला. रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये एमएल या भाषेच्या संदर्भात दाखवून दिले की एकच फलन ‘कोणत्याही प्रकारासाठी’ निर्धोकपणे लिहिता येते. यादीतील घटक मोजणे किंवा यादी उलटी करणे यांसाठी हे पुरेसे आहे. क्रमासाठी मात्र ‘कोणताही’ हा शब्द अति उदार ठरतो. दोन फलनांमध्ये आधीचे कोणते? ती समान आहेत की नाहीत हेसुद्धा सर्वसाधारणपणे ठरविता येत नाही. मिरांडा या भाषेत अशी तुलना लिहू दिली जाई आणि आज्ञावली चालू असताना ती कोसळे. स्टँडर्ड एमएलने समानतेपुरती एक खास सवलत ठेवली. दोन्ही उपाय म्हणजे ठिगळेच होती.

१९८७ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत हास्केल या नव्या भाषेची कल्पना ठरली. तिच्या १९९० च्या पहिल्या अहवालाच्या कर्त्यांत अरविंद आणि ऋषियूर निखिल ही दोन भारतीय नावे आहेत. दोघेही कानपूरच्या आय. आय. टी.चे विद्यार्थी, म्हणजे झाशीच्या शेजारचेच म्हणावयाचे! प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर फिलिप वॉडलर यांनी १९८८ मध्ये सुचविले व पुढील वर्षी स्टीफन ब्लॉट यांच्यासह एका निबंधात मांडले. ‘कोणत्याही प्रकारासाठी’ याऐवजी ‘ज्यात तुलना करता येते अशा कोणत्याही प्रकारासाठी’ असे फलनाच्या वर्णनातच लिहावयाचे. या अटीमागे क्रियांची एक छोटी यादी असते; तिला टाइप क्लास म्हणतात. एखाद्या प्रकाराने त्या क्रिया पुरविल्या की तो त्या वर्गात दाखल होतो. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर अट तपासतो आणि त्या क्रियांचा जणू एक कोश फलनाच्या हाती मुकाट्याने ठेवतो. अट पुरी होत नसेल तर आज्ञावली सुरूच होत नाही. जावा भाषेतील इंटरफेस याच्या जवळपासचा. पण तेथे प्रकार निर्माण करतानाच त्याच्या कर्त्याला ही घोषणा करावी लागते. हास्केलमध्ये ती मागाहून, वेगळी करता येते.

क्रम मराठी हवा की संकेतांकांचा, हा प्रश्न येथे खरा महत्त्वाचा ठरतो. हास्केलचा नियम असा, की एका प्रकाराला एकाच वर्गातील एकच घोषणा. हा नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतो. वस्तुतः तो वाचकाच्या हिताचा आहे. मोठी सूची शोधताना यंत्र मधल्या नोंदीशी तुलना करून निम्मी सूची सोडून देते. सूची मराठी क्रमाने रचली आणि शोध संकेतांकांच्या क्रमाने घेतला, तर ते चुकीचा अर्धा भाग सोडू शकते. पुस्तक कपाटात, नोंदही सूचीत, आणि उत्तर मात्र ‘उपलब्ध नाही’! कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. वाचक हात हलवीत परत जातो.

म्हणून मराठी क्रमासाठी ‘मराठी शीर्षक’ असा नवा प्रकार करावयाचा. त्याच्या आत साधीच अक्षरे; तुलना मात्र त्याची स्वतःची. क्रम लावणारे मूळ फलन तसेच राहते. अर्थात ही तुलना सुसंगत आहे की नाही, हे कंपायलर पाहत नाही. ‘क’ आधी ‘ख’, ‘ख’ आधी ‘ग’ आणि ‘ग’ आधी पुन्हा ‘क’ असे कोणी लिहिले तरी तो ते निमूटपणे स्वीकारतो; तेथे माणसालाच जागरूक राहावे लागते. परंतु मराठी शीर्षकांच्या सूचीत साधे शीर्षक शोधावयास गेल्यास तो तत्काळ हरकत घेतो आणि ते आधी मराठी शीर्षकात रूपांतरित करावयास लावतो.