चिमूटभर कमी, पण सावकाश

१९८२ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी एक वेगळंच क्लिनिक सुरू केलं. तिथे येणाऱ्यांनी नशेसाठी काही घेतलेलं नव्हतं. झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी त्यांनी वर्षानुवर्षं घेतली होती, तीही डॉक्टरांनी सांगितली तशीच. आता ती सुटत नव्हती.

देहरादूनला जन्मलेल्या अ‍ॅश्टन औषधशास्त्राच्या तज्ज्ञ. रुग्णांच्या तक्रारी मनाचे खेळ म्हणून उडवून न लावता त्यांनी एकेकाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं.

मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या गोळ्या त्याचा जोर वाढवतात, म्हणून डोळा लागतो. रोज ही मदत मिळू लागली की मेंदू तिच्या हिशेबाने स्वतःला बदलतो. काही जणांत त्यासाठी चार-सहा आठवडेही पुरतात. मग गोळी एकदम बंद केली, तर ब्रेक सैल पडतो: रात्र रात्र झोप नाही, हात थरथरतात, छातीत धडधडतं, साधा आवाजही सहन होत नाही. माणसाला वाटतं, जुनाच आजार उलटला. तो पुन्हा गोळी घेतो, बरं वाटतं, आणि गोळीवाचून आपलं चालणार नाही हा समज पक्का होतो.

धोका एवढ्यावर थांबत नाही. या गोळ्यांच्या गटातलं पहिलं औषध, लिब्रियम, १९६० मध्ये बाजारात आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मोठा डोस घेणाऱ्या ११ रुग्णांचं औषध अचानक थांबवल्यावर दोघांना फिट्स आल्या होत्या.

अ‍ॅश्टन यांचा मार्ग संथ होता. लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी शरीरात जास्त वेळ टिकणारं डायझेपाम द्यायचं आणि त्याचा डोस थोडाथोडा कमी करत न्यायचा. वेग रुग्णाने ठरवायचा. त्याला महिने लागत, कुणाला वर्षाहून जास्त. हा अनुभव त्यांनी १९९९ मध्ये पुस्तिकेत मांडला.

भारतात २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम अशा काही गोळ्या औषध नियमांच्या ‘एच-१’ यादीत आहेत. विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षं जपायची असते. पण घरातल्या डब्यात पडलेल्या जुन्या स्ट्रिपची नोंद कोण ठेवणार?

गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असल्याने ‘आजपासून बंद’ असं ठरवून ती स्ट्रिप कचऱ्यात टाकू नये. ती घेऊन डॉक्टरांकडे जावं. किती मिलिग्रॅमची, किती वर्षं, सोबत दारू असते का, हे न लाजता सांगावं. डोस कमी करत असताना फिट आली किंवा भास होऊ लागले, तर मात्र घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावं.