गिलाव्याआडची वीट

पुण्यातील विश्रामबाग वाड्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक लेखक त्याच्या सागवानापाशी रेंगाळतो. दर्शनी सज्जा, सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले खांब आणि त्यांच्या माथ्यावरील कोरीवकाम यांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्ची पडतात, आणि ते अगदीच अनाठायी आहे असे नाही. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा बांधवून घेतला, त्याला सहा वर्षे लागली आणि दोन लाख रुपये खर्च आला, असे सांगितले जाते. रचनाकार म्हणून मनसाराम लक्ष्मण आणि कारागीर म्हणून दाजी सुतार ही दोन नावेही त्यासोबत येतात. गवंड्याचे नाव या हकिकतीत येत नाही. ज्या विटेवर त्याचा हात फिरला तिच्यावर गिलावा चढला, गिलाव्यावर रंग चढला आणि दोन लाखांतला तिचा वाटा भिंतीच्या पोटातच राहिला.

पेशवाईच्या वळणाच्या वाड्यात काळ्या दगडाचे जोते असते. त्यावर ‘उथळे’, म्हणजे खांबाच्या बुंध्याला जमिनीच्या ओलीपासून वर ठेवणारा घडीव दगड, आणि उथळ्यावर लाकडी खांब उभा राहतो. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात आणि घराचे मापही खणांतच सांगण्याची रीत आहे. खांबांवर तुळया जातात, तुळयांवर कडीपाट बसतो आणि या सांगाड्याभोवती वा त्याच्या मधल्या जागेत विटांची भिंत चढते. ही वीट आजच्या विटेपेक्षा पातळ असते. पातळ वीट सारखी वाळते आणि तिच्या गाभ्यापर्यंत आच पोचते, त्यामुळे लहान भट्टीतही ती कच्ची राहत नाही. अशा विटांच्या थरांमध्ये चुन्याची जाड दरज, म्हणजे सांधा, ठेवलेली असते. लाकूड ऋतूनुसार फुगते-आकसते तेव्हा भिंतीला होणारी थोडीफार हालचाल ही मऊ दरज सोसते.

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्याच्या मागील भिंतीवर या सोसण्याचा उलटा पुरावा पाहायला मिळतो. तेथे कोणा ठेकेदाराने चुना खरवडून सिमेंट भरले आहे. काही पावसाळ्यांनंतर सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा पुढे उभ्या आहेत आणि मधल्या विटा मात्र बोटभर आत झिजून गेल्या आहेत, जणू मध काढून घेतलेले पोळेच भिंतीवर टांगले आहे. कारण साधे आहे. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजेतून बाहेर पडत असे. सिमेंटने ती वाट बुजवल्यावर ओल विटेतून निघू लागली, जाताना क्षार मागे ठेवू लागली आणि विटेला लोणा लागला. दुरुस्ती झाली ती दरजेची, मोल दिले विटेने.

त्याच वाड्याच्या चौकात आता नव्याने काम चालू आहे, आणि तेथून निघाल्यावरही नाकात राहतो तो हौदाचा वास: गूळ आणि बेलफळाचा गर मिसळलेल्या पाण्याचा आंबूस, किंचित दारूसारखा. भट्टीतून आलेला कळीचा चुना पाण्यात विरवला की तो उकळल्यासारखा खदखदतो. मग तो चाळून पाण्याखाली मुरत ठेवतात. किती दिवस, या प्रश्नाला वयस्क गवंड्याचे उत्तर एका शब्दाचे असते: “महिना.” घाईत असलेल्या मालकालाही तो तेवढेच सांगतो, महिना. मुरलेल्या चुन्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, घालून ते मिश्रण घाणीत दळले जाते. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. त्यालाही काळ लागतो, पण तो मोजायला गवंडी थांबत नाही.

वीट लावण्याआधी तो ती पाण्यात सोडतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढत नाही, कारण कोरडी वीट चुन्यातले पाणी ओढून घेते आणि दरज भुसभुशीत होते. ओळंबा लावणे, थर जुळवणे ही नेहमीचीच कामे. वेगळे आहे ते त्याचे कान देणे: जुनी वीट काढली की तो थापीच्या मुठीने तिच्यावर एक टिचकी मारतो, खणखणीत वाजली तर ती डावीकडच्या ढिगात, बद्द वाजली तर सुरखीसाठी उजवीकडे. डावीकडचा ढीग मोठा आहे.

विश्रामबाग वाड्यानेही अशी उस्तवार पाहिली आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली आणि १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाल्यावर तो पुन्हा बांधावा लागला. लाकूड जळते, वीट तर आगीतूनच आलेली असते, तरीही वाड्याची कीर्ती लाकडाच्या नावावर जमा आहे.

पेठेतल्या चौकात दुपारपर्यंत दोन हात भिंत पुरी होते. लाल विटा आणि पांढुरक्या दरजा यांची ती जाळी एकही सांध एकावर एक येऊ न देता चढलेली असते. पुढे ओला गोणपाट टाकून ती झाकली जाते, आणि दरजा धरल्या की गिलाव्याची पहिली थापी तिच्यावर बसते.